राणी रंगाची मगर

चित्रातलं आकाश तळाशी केशरी आहे आणि वर चढता चढता चिंतामणी निळं होत जातं. मधे कुठेही हद्द आखलेली नाही. आकाशाच्या ऐन मध्यावर एक मगर तरंगते आहे, राणी रंगाची. तिच्या पाठीवर वड उगवला आहे. वडाच्या पारंब्या तिच्या कुशीवरून खाली उतरतात, आकाश ओलांडतात आणि तळाच्या पिवळ्याजर्द पाण्यात शिरतात. डाव्या कोपऱ्यातून एक लाकडी जिना वर येतो, जुन्या वाड्यातला, अरुंद, धरायला दोर सोडलेला. तो अर्ध्या आकाशात संपतो. शेवटच्या पायरीवर समई आहे. तिची ज्योत पोपटी. चंद्रही आहे, उजवीकडे वर, आणि तो काळा कुळकुळीत.

बडोद्याच्या फाइन आर्ट्समध्ये शिकलेल्या एका मुलीनं केलेलं हे स्क्रीनप्रिंट. खाली पेन्सिलीनं ७/३० असं लिहिलंय, म्हणजे तीस प्रतींतली सातवी. ते भिंतीवर लागल्यापासून घरी येणारं जवळजवळ प्रत्येक माणूस चहाचा कप हातात घेऊन त्याच्यासमोर उभं राहतं आणि विचारतं, “ह्याचा अर्थ काय?”

प्रश्न मनापासून आलेला असतो, त्यामुळे मी टाळत नाही. पण अर्थ सांगायला घेतला की चित्र दिसेनासं होतं, हे मी पाहिलेलं आहे. मगर म्हणजे भीती, वड म्हणजे वंश, जिना म्हणजे महत्त्वाकांक्षा, अशा जोड्या लावून दिल्या की पाहुण्याचं समाधान होतं, तो सोफ्यावर जाऊन बसतो आणि भिंतीकडे परत वळून बघत नाही. म्हणून हल्ली मी उलट विचारते, “तुम्हाला ह्यात रंग किती दिसतात?” मग माणूस दोन पावलं पुढे येतो. बोटानं मोजायला लागतो. पारंब्यांपाशी येऊन अडखळतो, कारण तिथे मोजणी चुकते, आणि मग बराच वेळ तिथेच उभा राहतो.

माझं ठाम मत आहे की अशा चित्रातलं स्वप्न वस्तूंमध्ये नसतं, रंगांमध्ये असतं. मगर, वड, जिना, समई, चंद्र. ह्यातली एकही गोष्ट बडोद्याच्या माणसाला नवी नाही. मगर तर नाहीच. भर शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्रीत मगरी राहतात, पुलावरून जाताना काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात, आणि पावसाळ्यात नदी चढली की सोसायट्यांच्या पार्किंगपर्यंत येतात. ऑगस्ट २०२४ च्या पुरात अकोटा भागातल्या एका घराच्या छपरावर बसलेल्या मगरीचा फोटो देशभर फिरला होता. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे आम्हाला फोन आले. “कसलं स्वप्नासारखं दृश्य आहे!” असंही कोणी कोणी म्हणालं.

आम्हाला ते स्वप्नासारखं मुळीच वाटलं नव्हतं. तो फोटो मी नंतर पुष्कळदा निरखून पाहिला. छप्पर मातकट, पाणी मातकट, मगर मातकट, वरचं आकाश राखाडी. सगळ्या जगाला एकच रंग लागलेला. तो चिखलाचा रंग पूर ओसरल्यावरही भिंतींवर कमरेइतक्या उंचीपर्यंत राहिला आणि खराट्यानं घासघासून काढावा लागला. घटना अजब होती, पण तिच्यात स्वप्नाचा लवलेश नव्हता. भीती होती, वीज नव्हती, दूध मिळत नव्हतं.

आता ह्या चित्रातली मगर. तीही जागा सोडून भलतीकडेच गेलेली आहे, छपराच्याही वर. पण तिला बघून कोणी दचकत नाही. मुलं तर तिच्याकडे बघून हसतात. फरक एवढाच की ही राणी रंगाची आहे. त्या एका रंगानं ती नदीतून, बातमीतून आणि वनखात्याच्या पिंजऱ्यातून सुटली आहे. वस्तू तीच राहिली, रंगानं तिचं जग बदललं.

हे माझ्या लक्षात येण्याचं कारण घरात आहे. बाबांचा रावपुऱ्यात स्क्रीन प्रिंटिंगचा छापखाना होता. लग्नपत्रिका, मुंजीची आमंत्रणं, वास्तुशांत, दुकानांची स्टिकरं, गरब्याचे पास. दिवाळीनंतर लग्नसराई सुरू झाली की घरात पत्रिका वाळत घातलेल्या असायच्या आणि थिनरचा वास स्वयंपाकघरापर्यंत यायचा. त्यामुळे छापलेला रंग कसा लागतो हे मी शाळेच्या आधीपासून बघत आले आहे, आणि ह्या चित्रासमोर उभी राहिले की आधी ते हात दिसतात.

चौकटीवर बारीक कापड ताणलेलं असतं. पूर्वी ते रेशमाचं असायचं, आता पॉलिएस्टरचं. कागदावर छापायचं तर सेंटीमीटरला साधारण ९० ते १२० धागे असलेलं कापड घेतात. त्यावर इमल्शनचा पातळ थर द्यायचा, अंधारात वाळवायचा, मग पारदर्शक कागदावर काळ्या शाईत काढलेलं चित्र, म्हणजे पॉझिटिव्ह, त्याला चिकटवून जोरदार उजेड द्यायचा. उजेड लागतो तिथलं इमल्शन कडक होतं. काळ्याच्या आड राहिलेलं पाण्याच्या फवाऱ्यानं धुऊन जातं आणि तेवढं कापड उघडं पडतं. फ्रेम कागदावर टेकवायची, एका कडेला शाई ओतायची आणि रबरी पात्याच्या स्क्वीजीनं एका दमात ओढून घ्यायची. उघड्या कापडातून शाई खाली उतरते. एवढंच. प्रत्येक रंगाला वेगळी फ्रेम, आणि एक रंग वाळल्याशिवाय दुसरा लावायचा नाही. इंग्लंडात मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमननं १९०७ साली ह्या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्याच्या कितीतरी आधीपासून जपानमध्ये कापडावर स्टेन्सिलनं असंच काहीसं छापत होते.

ह्या कामात रंगाला एक गोष्ट मिळते जी कुंचल्यानं मिळत नाही. स्क्वीजी ओढली की तो रंग सगळीकडे एकाच जाडीचा बसतो. चित्रकाराचा हात कुठे थांबला, कुठे डळमळला, कुठे त्यानं परत परत गिरवलं, ह्याची खूण राहायला जागाच नसते. मगरीच्या अंगावरचा राणी रंग शेपटीच्या टोकापासून नाकपुडीपर्यंत अगदी सारखा आहे. रंग स्वतःबद्दल शंका घेत नाही.

आणि स्वप्नाचंही तेच आहे. स्वप्न चालू असताना हे खरं नसेल असं आपल्याला वाटत नाही. गेलेली आजी ओट्यापाशी बसून मेथी निवडत असते आणि आपण तिला एवढंच विचारतो की भाकरी टाकू का. तिथे अशक्य आणि शक्य गोष्टींना सारखंच वजन असतं. ह्या चित्रातही जिन्याची पायरी जेवढ्या खात्रीनं छापली आहे तेवढ्याच खात्रीनं पोपटी ज्योत छापली आहे. काळ्या चंद्राबद्दल कागदाला काही अडचण नाही. तैलरंगात हेच काढलं असतं तर चित्रकारानं कल्पनाशक्ती लढवल्याचं जाणवत राहिलं असतं. इथे कोणी काही लढवत नाही. आहे हे असं आहे.

अतिवास्तववादी, म्हणजे स्वप्नातलं जग जागेपणी मांडणाऱ्या, चित्रकारांपैकी मला रेने मॅग्रिट सगळ्यांत जवळचा वाटतो तो ह्याच कारणानं. चित्रकार म्हणून नाव होण्याआधी हा माणूस वॉलपेपरच्या कारखान्यात नक्ष्या काढायचा, पुढे जाहिराती करायचा. तीच सपाट, स्वच्छ, पाटी रंगवणाऱ्याची शिस्त त्यानं आयुष्यभर ठेवली. खाली रात्र, दिवा लागलेलं घर, आणि वर भर दुपारचं निळं आकाश, अशी त्याची प्रसिद्ध चित्रं आहेत. त्यांत घर विचित्र नाही, झाड विचित्र नाही, दिवा विचित्र नाही. दोन वेळांचे दोन रंग एका चौकटीत आले आहेत, आणि तेवढ्यानं अंगावर शहारा येतो. होआन मिरो तर त्याही पुढे गेला. १९२५ सालच्या त्याच्या एका कॅनव्हासवर जवळजवळ काहीच नाही. निळ्या रंगाचा एक ठिपका, आणि त्याच्याखाली फ्रेंचमध्ये लिहिलेलं की माझ्या स्वप्नांचा रंग हा. मगर नाही, जिना नाही, दालीची ती वितळणारी घड्याळं नाहीत. मला ते चित्र फार धीट वाटतं.

ह्याच्या एकच वर्ष आधी, १९२४ साली, पॅरिसमध्ये आंद्रे ब्रेतोंनं अतिवास्तववादाचा जाहीरनामा काढला होता. त्यात चित्रकारांचा उल्लेख येतो तो एका तळटीपेत. सगळा भर शब्दांवर, मनात येईल ते न अडवता लिहून काढण्यावर. ब्रेतों वैद्यकशास्त्र शिकलेला, फ्रॉइड वाचलेला. स्वप्न दिसलं की त्याची उकल करायची ही सवय आपल्यापर्यंत ज्या वाटांनी आली त्यांतली एक मोठी वाट फ्रॉइडची. पण ब्रेतोंच्या बाजूनं हे सांगायला हवं की त्याच्या गटातल्या लोकांना स्वप्न उलगडून संपवायचं नव्हतं. ते आहे तसं, धगधगतं, जागेपणी आणायचं होतं. माझे पाहुणे अर्थ विचारतात तेव्हा ते फ्रॉइडच्या दवाखान्यात बसलेले असतात. चित्र मात्र तिथे आलेलंच नसतं.

स्क्रीनप्रिंट ह्या मंडळींच्या हाती लागलं ते बरंच उशिरा. एदुआर्दो पाओलोत्झी हा स्कॉटिश शिल्पकार तरुणपणी पॅरिसला राहून अतिवास्तववाद्यांचं काम पाहून आलेला. १९६५ साली त्यानं लंडनच्या केल्प्रा स्टुडिओत तत्त्वज्ञ विटगेनश्टाइनवर स्क्रीनप्रिंट्सची एक मालिका केली. यंत्रांचे तुकडे, नक्ष्या, शब्द, विमानं, आणि त्यांवर ठासून भरलेले चौकोनी रंग. केल्प्रा चालवणारा क्रिस प्रेटर हा धंदेवाईक छपाईतून आलेला कारागीर होता आणि स्टेन्सिल हातानं कापण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. कलेच्या पुस्तकांत प्रेटरचं नाव जरा बारीक अक्षरात असतं. मला ते मोठं हवं आहे. रावपुऱ्यात पत्रिका छापणाऱ्या माणसाच्या घरात वाढल्यावर ते असंच वाटणार.

बाबांनी हे प्रिंट पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते भिंतीवर लावलेलं नव्हतं, टेबलावर होतं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद तिरका धरला आणि रंगाचा फुगवटा बघितला. मग म्हणाले, “सहा फ्रेम आहेत.”

“बाबा, मी मोजले तर दहाच्या वर रंग भरले.”

“रंग असतील. फ्रेम सहाच. ह्या पारंब्या बघ.”

पारंब्या निळ्या आहेत. पण ती निळी शाई पारदर्शक आहे. मगरीच्या गुलाबी अंगावरून जाताना ती जांभळी दिसते. तळाच्या पिवळ्या पाण्यात शिरली की हिरवी होते. केशरी आकाशावरून जाते तिथे तपकिरीकडे झुकते. फ्रेम एक, शाई एक, स्क्वीजी एकदाच ओढलेली. बाकीचे रंग कोणी डब्यात कालवले नाहीत, ते कागदावर दोन थर भेटले तिथे आपोआप झाले. म्हणूनच पाहुण्यांची मोजणी पारंब्यांपाशी चुकते.

ह्या जागेवर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवला आहे. स्वप्नातली माणसं अशीच असतात. समोरची बाई शाळेतल्या बाईही असते आणि मावशीही असते, आणि दोन्ही मिळून ती तिसरीच कोणीतरी असते जी जागेपणी कुठे भेटलेली नाही. पारंबी मगरीवरून जाताना पारंबीही राहत नाही आणि मगरही राहत नाही. तेवढ्या बोटभर रुंदीत एक जांभळी वस्तू आहे जिला नाव नाही. ह्यासाठी त्या मुलीला जांभळी शाई आणता आली असती. पण मग ती जांभळी रेघ नुसती वर बसली असती. आता तिच्यातून खालचा गुलाबी दिसतो आणि वरचा निळाही दिसतो, आणि डोळा ठरवू शकत नाही की कोण कोणाच्या पुढे आहे.

मग बाबांनी मगरीच्या पोटाखाली बोट ठेवलं. तिथे केसाएवढी पांढरी रेघ आहे, कोऱ्या कागदाची. ती का आहे ते कळायला हा गुलाबी कसा आहे ते कळायला हवं. हा साधा राणी नाही, फ्लुरोसंट आहे. १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियात स्विट्झर नावाच्या दोन भावांनी हे रंग रूपाला आणले. असा रंग डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण पितो आणि त्यांचा दिसणारा उजेड करून परत देतो. म्हणून तो आजूबाजूच्या रंगांपेक्षा झगझगीत वाटतो, आतून दिवा लावल्यागत. पण त्याच्याखाली दुसरा रंग आला की ती झळाळी मरते. त्याला खाली पांढराच कागद लागतो. म्हणजे आकाश छापतानाच मगरीच्या आकाराची जागा कोरी सोडावी लागली आणि नंतर त्या भोकात मगर नेमकी बसवावी लागली.

“पत्रिका अशी निघाली असती तर मी रद्दीत टाकली असती,” बाबा म्हणाले. “रजिस्टर सुटलंय.” म्हणजे एक रंग दुसऱ्याशी नेमका जुळून बसलेला नाही. आणि लगेच कागद जवळ ओढून, “नाही, सुटलेलं नाही. बघ, पांढरं फक्त खालच्या अंगाला आहे, आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत सारखं आहे. वरच्या बाजूला तेवढंच चढलंय. पोरीनं फ्रेम मुद्दाम सरकवलीय.”

मुद्दाम म्हटल्यावर ती रेघ वेगळी दिसायला लागली. मगर आकाशात चिकटलेली नाही, तिच्याखालून उजेड येतो, आणि तो उजेड म्हणजे नुसता न छापलेला कागद. हे तरंगणं तिनं रंगानं दाखवलं नाही, रंग केसभर वर ढकलून दाखवलं. बाबा त्या दिवशी चित्राच्या अर्थाबद्दल एक शब्द बोलले नाहीत, आणि माझ्या ओळखीच्या कोणाहीपेक्षा त्यांना ते चित्र जास्त दिसलं.

स्वप्नांना रंग असतात का, ह्यावर मी मधे बरंच वाचत होते. अमेरिकेत १९४२ साली कॉलेजच्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं की तुम्हाला स्वप्नात रंग दिसतात का. बहुसंख्यांनी सांगितलं की क्वचित किंवा कधीच नाही. एरिक श्विट्झगेबेल ह्या तत्त्वज्ञांनी तीच प्रश्नावली पुन्हा वापरून २००३ साली निष्कर्ष छापले, तेव्हा तसं म्हणणारे थोडेच निघाले. मधल्या काळात सिनेमा आणि टीव्ही कृष्णधवलचे रंगीत झाले होते. स्वप्नंच बदलली की स्वप्नांबद्दल बोलण्याची रीत बदलली, हा वाद मोकळाच आहे. स्वतः श्विट्झगेबेल म्हणतात की आपल्या अनुभवाबद्दल आपल्याला वाटतं तेवढं कळत नसतं. मला त्यातून एवढं घ्यावंसं वाटलं की आपल्या स्वप्नांची रंगपेटी आपण डोळे उघडे असताना भरत असतो.

मग बडोद्यात वाढलेल्या माणसाची रंगपेटी कशी असेल? उत्तरायणाच्या दिवशी गच्चीवरून दिसणारं पतंगांचं कागदी आकाश. नवरात्रातले घागरे. पत्रिकांवरचा लाल आणि सोनेरी. आणि देवांची चित्रं. ह्या शहराचा छापील रंगाशी संबंध जुना आहे. सयाजीरावांनी राजा रविवर्म्यांकडून पौराणिक विषयांवरची चौदा चित्रं करवून घेतली. त्याही आधी, चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात ही कल्पना रविवर्म्यांना सुचवली ती सर टी. माधवरावांनी, जे बडोद्याचे दीवान होते आणि मूळचे तंजावरचे मराठी. १८९४ मध्ये मुंबईत रविवर्म्यांचा छापखाना निघाला. तिथेही प्रत्येक रंगाला वेगळा दगड, एकावर एक थर. माझ्या स्वप्नात लक्ष्मी आली तर ती लाल साडीत कमळावर उभी असते. ती दगडी मूर्तीवरून आलेली नाही, छापखान्यातून आलेली आहे.

बडोद्यातलं कलाभवनही इथे आठवतं. १८९० साली प्रा. त्रिभुवनदास गज्जरांच्या पुढाकारानं ते सुरू झालं, आणि रंगाई, रंगांचं रसायनशास्त्र हे तिथे रीतसर शिकवायचे विषय होते. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. चापेकरांनी मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं होतं, ते डाग भल्याभल्यांना निघेनात, ते काढले ह्याच गज्जरांनी. रंग चढवायचा कसा आणि उतरवायचा कसा, दोन्ही जाणणारा माणूस. नंतर १९५० मध्ये फाइन आर्ट्स आलं, चित्रकार ना. श्री. बेंद्रे शिकवायला आले, ज्योती भट्ट तिथल्या पहिल्या तुकडीत शिकले आणि पुढे देशातले मोठे मुद्राचित्रकार झाले. १९९९ पासून ‘छाप’ ही मुद्राचित्रांची कार्यशाळा आहे. ह्या सगळ्यातून शिकून बाहेर पडलेली मुलगी मगर राणी रंगाची करते, तेव्हा ती पॅरिसहून काही उसनं आणत नसते.

अजब चित्रं आपल्याला नवी आहेत असं कोणी म्हटलं की मी नारीकुंजराचं उदाहरण देते. बायकांचे देह गुंफून रचलेला हत्ती. भारतीय चित्रांत हा विषय जुना आहे. पण तिथे रंग वेगळं काम करतात. प्रत्येकीचं वस्त्र वेगळ्या रंगाचं असतं, म्हणून जवळून बायका दिसतात. रंग विसरून बाह्यरेषा पाहिली की हत्ती दिसतो. रंग तुम्हाला जागं ठेवतो आणि रेषा स्वप्नात नेते. माझ्या प्रिंटमध्ये नेमकं उलट आहे. रेषा जागी आहे, मगरीचे खवले प्राणिशास्त्राच्या पुस्तकात शोभावेत इतके बिनचूक, आणि झोप येते ती रंगावाटे.

तो जिना कुठला हे मला लगेच कळलं होतं, किंवा कळलं असं वाटलं. रावपुऱ्यात तांबेकर वाडा आहे, १८४९ ते १८५४ ह्या काळात बडोद्याचे दीवान असलेल्या भाऊ तांबेकरांचा. आता पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात. भिंतींवर सुमारे तीनशे चित्रं: कृष्ण, महाभारत, आणि त्याच भिंतींवर इंग्रजांशी झालेल्या लढाईतले शिपाई. काळोख्या लाकडी जिन्यानं वर जायचं आणि एकदम सगळीकडून रंग अंगावर येतात. चित्रातला जिना आकाशात संपतो ते मला त्यामुळे अधांतरी वाटत नाही.

सगळ्यांत नेमकं पाहिलं ते आत्यानं. ती दांडिया बाजारात राहते, वय ऐंशीच्या पुढे, आणि साडीचा रंग दुकानातल्या ट्यूबलाइटवर विश्वास ठेवून तिनं आयुष्यात कधी ठरवलेला नाही. प्रिंट तेव्हा भिंतीवर लागलेलं होतं. तिनं ते उतरवायला लावलं.

“उजेडात आण गं. इथे काय कळणार?”

खिडकीपाशी नेलं. तिनं अर्थ विचारला नाही. रंगांची नावं घेत वरून खाली आली. “वर चिंतामणी. हा गुलबक्षी, तू राणी म्हणतेस ते तुझं तू बघ. पाणी केतकी. ज्योत पोपटी केलीय, गोड आहे. खाली केशरी.” मग थांबली. “आणि हे मधे मातकट का झालंय?”

मी बघितलं. एकाच फ्रेमवर एका टोकाला केशरी आणि दुसऱ्या टोकाला निळी शाई ओतून स्क्वीजी ओढली की दोन्ही मधे मिसळत जातात. तसं हे आकाश केलेलं आहे. आणि केशरी नि निळा हे एकमेकांना मारणारे रंग. ते मिसळतात तिथे झळाळी जाते, एक धुरकट, गढूळ पट्टा उरतो. केशरीऐवजी गुलाबी घेतला असता तर मधे सुंदर जांभळट छटा आली असती. छपाई शिकलेल्या मुलीला हे माहीत नसणं शक्य नाही.

“पुराच्या पाण्याचा रंग आहे,” आत्या म्हणाली. “मगर त्याच्यातच आहे की.”

खरंच होती. तो गढूळ पट्टा बरोबर मगरीच्या मागून जातो. ती चिंतामणी आकाशात नाही, केशरी आकाशातही नाही. दोन्ही जिथे चिखल होतात तिथे आहे. इतका झगझगीत गुलाबी पुढे असल्यामुळे मागचा तो पट्टा माझ्या नजरेला नुसती सावली वाटत आला होता. छपरावरच्या मगरीच्या फोटोतला तोच रंग. त्या मुलीनं विश्वामित्री वगळलेली नव्हती. मगर चिखलातून सुटून स्वप्नात गेली असं मी पाहुण्यांना सांगत होते. चित्रात मात्र ती चिखलासकट वर गेली आहे, आणि तो चिखल मागे आहे म्हणूनच गुलाबी इतका पेटतो. त्या जागी सुंदर जांभळट छटा असती तर मगर तिच्यात विरून गेली असती.

त्यानंतर प्रिंट पुन्हा लावताना कुठे लावायचं ह्यावर घरात चर्चा झाली. आत्याचं म्हणणं दिवाणखान्यात, खिडकीसमोर, जिथे उजेड चांगला. रंग बघायचा तर तिचं बरोबर आहे. पण फ्लुरोसंट रंग उन्हात सगळ्यांत आधी उडतात. ज्या अतिनील किरणांवर ते झळकतात तेच त्यांना खातात. वरचा निळा बहुधा फ्थॅलो असावा, १९३० च्या दशकातला रंग, तो उन्हाला सहसा दाद देत नाही. म्हणजे खिडकीसमोर ठेवलं तर काही वर्षांत आकाश तसंच राहील आणि मगर फिकी पडत जाईल. मी अतिनील किरण अडवणारी काच बसवून घेतली, पण ती बसवल्यावर गुलाबी किंचित शांत झाला, कारण त्याचं खाद्यही काचेबाहेरच राहिलं. हा तोटा मी पत्करला आहे. प्रिंट आता जिन्याच्या वळणावरच्या भिंतीवर आहे, जिथे सकाळी आडून उजेड येतो आणि ऊन कधीच येत नाही. आत्या आली की आम्ही ते उतरवून तेवढ्यापुरतं खिडकीत नेतो, काच काढून. परवा तिनं पोपटी ज्योतीच्या कडेला एक पिवळी किनार शोधली आहे. बाबा म्हणतात ती सातवी फ्रेम असेल, आपण सहाच मोजल्या होत्या. आत्या म्हणते तो पोपटीखालून डोकावणारा पाण्याचाच पिवळा आहे. भिंग आणून बघायचं ठरलंय.